साणं

मंगळवेढ्याकडं आमचं माळवदाचं घर होतं. दोन-दोन हात रुंद भिंती आणि खिडकी एकही नाही. जुन्या माणसांना चोराचं भय मोठं. वाऱ्याची पर्वा कुणाला? स्वयंपाकघरात उजेड यायचा आणि धूर जायचा तो एकाच वाटेनं, साण्यातून. चुलीच्या जरा पुढं, माळवदात ठेवलेलं वीतभर भोक. पावसाचा टिपूस पडला की आई मला वर पिटाळायची, ‘साण्यावर घमेलं घाल, पळ!’ घमेलं पालथं पडलं की धूर घरात कोंडला. मग आजी डोळ्यांना पदर लावून, तुऱ्हाट्या भिजवल्या म्हणून मलाच शिव्या घालायची.

पण धुराशी तिचं निव्वळ वैर नव्हतं. तुळया आणि किलच्या धुरानं काळ्याकुळकुळीत झालेल्या, त्यांना भुंगा लागत नसे. बियाण्याची ज्वारीची कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगलेली असत, तीही किडत नसत. त्यामुळं कुणी धूर घालवायची भाषा केली की आजी विचारायची, ‘किती घालवायचा?’

चूल सुधारायला निघालेल्यांपैकी हा प्रश्न फार थोड्यांना पडला असावा. तशी ही खटपट जुनी. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं ठाणं होतं. गांधीजींच्या प्रेरणेनं १९३४ साली निघालेला हा संघ अर्थतज्ज्ञ कुमारप्पा सांभाळत. तिथं पुढं मगन चूल झाली. मातीचीच, पण धुराड्याची. हैदराबादच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेत एस. पी. राजूंनी अशीच चूल बसवली आणि १९५३ साली लाखो घरांच्या निर्धूर स्वयंपाकघरांवर पुस्तिका काढली. मग १९८३च्या अखेरीला केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२पर्यंत चालला आणि तेवढ्यात देशभर तीन कोटींवर चुली बसल्या.

त्यातल्या काही माझ्या हातच्या. १९८७ साली मी बावीस वर्षांचा, बेकार. दहा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. चुलीमागं पैसे मिळायचे, म्हणून दिवसाला दोन उरकायचो. माती, शेण आणि भुसा तुडवून चिखल करायचा. मोजमापाची काठी लावून तोंड, पहिलं भोक, दुसरं भोक, मागं धुराची वाट. तिथून सिमेंटचा पाइप छपराच्या वर आणि त्यावर टोपी. तत्त्व सोपं होतं: तापलेली हवा हलकी होऊन पाइपातून वर चढते आणि आपल्यामागं धूर ओढून नेते. पण तोंड मोठं झालं की गार हवा जास्त घुसते आणि ओढ मरते. म्हणून तोंड लहान ठेवायचं, हे आमच्या मनावर बिंबवलेलं.

एका घरी चूल लिंपून मी हात धूत होतो. घरच्या बाईनं चुलीपुढं उकिडवं बसून आत पाहिलं आणि म्हणाली, ‘भाऊ, भाकरी कुठं शेकू?’

आमच्याकडं भाकरी तव्यावर अर्धीच होते. तवा उतरवला की आर चुलीच्या तोंडाशी ओढायचा, भाकरी त्याच्यापुढं उभी करायची, फिरवायची. मग ती टम्म फुगते. माझ्या चुलीच्या तोंडात भाकरी उभी राहत नव्हती. ज्वारीच्या मुलखात ही चूल आणताना कुणी आधी एक भाकरी करून बघितली नव्हती. मी स्वतः रोज चार भाकरी खाणारा, माझ्याही ध्यानात आलं नाही. ‘तव्यावरच दाबून शेका,’ असं काहीतरी बोललो आणि कार्डावर तिचा अंगठा घेतला.

सहा महिन्यांनी त्या घरावरून गेलो. चुलीचं तोंड वरवंट्यानं फोडून ऐसपैस केलेलं. पाइप न्हाणीच्या पाण्याला लावलेला. माळवदाला पाइपासाठी पाडलेल्या भोकातून पहिल्याच पावसात घरभर गळलं होतं. ‘तुमचा पाइप चांगलाय,’ बाई म्हणाली, ‘पाणी झकास जातं.’ आमच्या कागदावर मात्र ती चूल चालूच होती.

त्या कार्यक्रमात धुराची गोष्ट निघायची, नाही असं नाही. पण आमच्याकडून वदवून घ्यायचे ते सरपण किती वाचतं आणि जंगल किती वाचतं, हे. मला फार पुढं कळलं की १९८१ साली कर्क स्मिथ नावाचा अमेरिकन संशोधक गुजरातच्या खेड्यांत जाऊन आला होता. त्यानं हवा मोजायचं यंत्र स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्याच अंगावर चढवलं, त्यांच्या नाकाशी काय येतं ते बघायला. घनमीटरमागं जवळपास सात मिलिग्रॅम कण निघाले. आजीला आकड्याची गरज नव्हती, तिला मोतीबिंदू होता. तो धुरानंच झाला असं मी म्हणणार नाही. ती मात्र म्हणायची.

पुण्याच्या आरती संस्थेनं पुढं साच्याची लक्ष्मी चूल काढली आणि ती घडवायला गावोगावच्या कुंभारांना शिकवलं. हे मला पटलं. साच्यातून निघालेली चूल मोजमापाला चुकत नाही आणि घडवणारा गावातच भेटतो. माझ्यासारखा दिवसाला दोन उरकून पुढच्या गावाला पळत नाही.

२००९ साली आम्ही माळवद उतरवून स्लॅब टाकला. गॅस आला, खिडक्या आल्या. उज्ज्वला योजनेच्या टाक्या २०१६नंतर शेजारीपाजारीही आल्या. आई भाजी-आमटी गॅसवर करते. भाकरी मात्र परसातल्या पत्र्याखाली, उघड्या तोंडाच्या चुलीवर. साण्यावरचं ते घमेलं तिथंच असतं, आता ती त्यात राख भरते. पाऊस आला की राख ओतून टाकते आणि घमेलं सरपणावर पालथं घालते.