शेवया, रस्सा आणि काटकसर

हातकणंगल्याहून कोल्हापूरकडे जाणारी आगगाडी रुकडी सोडून पंचगंगेचा पूल ओलांडते आणि थोड्याच वेळांत वळिवड्याचें लहानसें स्टेशन येतें. या स्टेशनाच्या परिसरांत १९४३ ते १९४८ या काळांत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहत होते. १९४० व १९४१ सालीं सोव्हिएट सत्तेनें पूर्व पोलंडमधील कुटुंबेंच्या कुटुंबें उचलून सैबेरियाच्या व मध्य आशियाच्या ओसाड मुलखांत नेऊन टाकलीं होतीं. १९४१ च्या जुलैमधील करारानें त्यांची सुटका झाली, आणि त्यांतील कांहीं जण इराणमार्गें हिंदुस्थानांत पोंचले. वळिवड्यास आलेल्यांत स्त्रिया व मुलें यांचाच भरणा मोठा. कर्ते पुरुष सैन्यांत गेलेले.

या छावणीची कथा पुष्कळांनीं राजकारणाच्या अंगानें सांगितली आहे. मला ती चुलीच्या अंगानें सांगावयाची आहे. येथें कुटुंबांना बराकींत स्वतंत्र बिऱ्हाडें होतीं, ठराविक भत्ता मिळे, आणि त्यांतून बाजारहाट करून घरची बाई आपला स्वयंपाक आपण करी. मोजक्या पैशांत मुलांना आपल्या घरच्या चवीचें जेवण कसें घालावें, हा तिचा रोजचा प्रश्न असला पाहिजे.

पोलिश गृहधर्मांत या प्रश्नाचें एक जुनें उत्तर आहे. रविवारीं हाडें, मांस व भाज्या मंद आंचेवर उकळून ‘रोसुऊ’ नांवाचा रस्सा करतात. त्यांत घालावयाच्या शेवया घरींच होतात. पीठ व अंडें घट्ट मळून गोळा झांकून ठेवावयाचा, पातळ पोळी लाटावयाची, ती किंचित् सुकली कीं गुंडाळून सुरीनें बारीक कापावयाची. रश्शांतून निघालेलें मांस वायां जात नाहीं. दुसऱ्या दिवशीं तें बारीक करून करंजीसारख्या ‘पिएरोगीं’त भरतात, किंवा पोळीचे चौकोनी तुकडे उकडून, कोबी-कांदा परतून, त्यांत मिसळतात. एकाच मांसावर दोन दिवस निघतात, तेही पोटभर.

ही विद्या पोलंडास बऱ्याच अंशीं इटलीच्या सहवासानें समृद्ध झाली. १५१८ मध्यें इटलीची बोना स्फोर्झा पोलंडची राणी झाली. रश्शांत घालावयाच्या भाज्यांच्या जुडीला पोलिश भाषेंत अद्यापि ‘इटलीचा माल’ अशा अर्थाचें नांव आहे. इटलीनें मात्र शेवया चीनहून, मार्को पोलोच्या हातून घेतल्या, ही गोष्ट खरी नव्हे. मार्को पोलो परतला तो १२९५ मध्यें. आणि अल्-इद्रिसी या अरब भूगोलकारानें ११५४ मध्येंच लिहून ठेवलें आहे कीं, सिसिलींतील त्राबिया गांवीं सुक्या शेवया होतात व गलबतांत भरून परमुलखीं जातात. आपल्याकडेही भावमिश्राच्या ‘भावप्रकाशां’त, म्हणजे १६ व्या शतकांत, ‘सेविका’ आढळते. तेव्हां शेवई ही कोणा एकाची मिरास नव्हे. जेथें गहू आहे, ऊन आहे आणि पुढच्या दिवसांची काळजी आहे, तेथें ती होते. कोल्हापूरच्या बाजूला उन्हाळ्यांत खपली गव्हाच्या शेवया करून बाजेवर वाळवतात, त्याही याच काळजीपोटीं.

मांसाच्या बाबतींतही तेंच. कोल्हापूरची सुगरण एकाच पातेल्यांत मटण शिजवून त्याचें अळणी पाणी काढते. त्यांतून नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा, मिरचीचा तांबडा रस्सा, आणि उरलेल्या फोडींचें सुकें, असे तीन प्रकार होतात. फोडी मोजून वाढतात. रस्सा वाढतांना हात आंखडत नाहींत. इटलींतील बोलोन्या शहराचा प्रसिद्ध मांसाचा रस्सा पेलेग्रीनो आर्तूसीनें १८९१ मध्यें ग्रंथांत घेतला, त्यांत टोमॅटोचें नांवही नाहीं. टोमॅटो काय किंवा आपली मिरची काय, दोन्ही अमेरिकेहून आलेलीं. मूळ युक्ति त्यांहून जुनी आहे : मांस थोडें, पाणी पुष्कळ, आंच मंद. मान, नळी, पाय अशा स्वस्त, चिवट भागांतील स्नायूंचे बंध सावकाश शिजल्यावर विरघळतात व रस्सा दाट होतो. म्हणून रश्शाला महागडें मांस लागतच नाहीं.

आपल्या घरीं हें करून पाहणें अवघड नाहीं. चौघांसाठीं ४०० ग्रॅम कणीक, दोन अंडीं आणि लागेल तेवढेंच पाणी घेऊन घट्ट मळावें, अर्धा तास झांकून ठेवून लाटावें व कापावें. २०० ग्रॅम खिमा पुरे. त्यांत मूठभर शिजवलेला अख्खा मसूर मिसळला तर तो दुप्पट भासतो. दोन कांदे, एक गाजर व चार टोमॅटो घालून तो तासभर मंद आंचेवर ठेवावा. खारट पाण्यांत ताज्या शेवया दोन-तीन मिनिटांत शिजतात. तें पाणी ओतून देऊं नये. पिठाच्या अंशानें तें दाट झालेलें असतें, म्हणून पळीभर पाणी रश्शांत घातलें कीं तो शेवयांना धरून राहतो.

१९४८ मध्यें वळिवड्याची छावणी रिकामी झाली. फाळणीनें घरादारास मुकलेलीं सिंधी कुटुंबें तेथें येऊन वसलीं. तें गांव आतां गांधीनगर म्हणून कापडाच्या पेठेसाठीं प्रसिद्ध आहे. सिंधी घरांत रविवारच्या सकाळीं गोड शेवया व तळलेले बटाटे करण्याची चाल आहे. मुलूख गेला, भांडींकुंडीं गेलीं, तरी हाताला ठाऊक असलेली गोष्ट बरोबर आली. पोलिश मुलांच्या रविवारानंतर त्याच जागीं सिंधी मुलांचा रविवार उगवला, आणि त्याच्याही ताटांत शेवयाच होत्या.