उष्णतावाहक पॉलिमर संमिश्रे

विद्युतरोधी पॉलिमरमध्ये उष्णता चांगली वाहणाऱ्या पदार्थांची भुकटी मिसळून केलेली द्रव्ये. उपकरणांतील उष्णता बाहेर काढण्यासाठी ती पेस्ट, पॅड, ओतीव रेझिन किंवा साच्यातले कवच या रूपांत वापरतात. एपॉक्सी या पॉलिमरची उष्णतावाहकता ०.२ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असते, तांब्याची सुमारे ४००.

वारा खेळवता येत नाही तिथे यांची खरी गरज भासते. खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या सुरतच्या लिंबायत भागात यंत्रमाग आणि संगणकीय भरतकामाची यंत्रे चालतात. अशा कारखान्यांत उडणारे धाग्यांचे तूस पंख्यात अडकते आणि मोटार चालवणारी कार्डे तापतात. त्यावर उपाय म्हणजे कार्ड बंद पेटीत ठेवून, ते आणि पेटीची धातूची भिंत यांच्यामध्ये उष्णतावाहक पॅड बसवणे.

भुकटी म्हणून स्वस्त ॲल्युमिना (वाहकता त्याच एककात सुमारे ३०) सर्वाधिक चालतो. बोरॉन नायट्राइडची वाहकता त्याच्या पापुद्र्याच्या दिशेने सुमारे ३००, तर हिऱ्याची २००० च्या घरात असते. पैलू पाडताना घंटीवर (हिरे घासण्याच्या यंत्रावर) लावतात ती हिऱ्याची भुकटी सुरतेला परिचितच आहे. अशीच भुकटी काही महागड्या पेस्टमध्ये घालतात. मात्र नुसता उत्तम पदार्थ घालून भागत नाही. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या १८७३ च्या सूत्रानुसार, सुटे विखुरलेले कण आकारमानाच्या ३० टक्के असले, तर ते हिऱ्याचे असूनही मिश्रणाची वाहकता जेमतेम सव्वादोनपट होते. कारण दोन कणांमधला पॉलिमर वाट अडवतो. कण एकमेकांना भिडून सलग मार्ग तयार होणे निर्णायक ठरते. म्हणून मोठ्या कणांच्या फटींत लहान कण भरतात. त्याने मिश्रण घट्ट होते, ओतणे अवघड जाते आणि घडवलेली वस्तू ठिसूळ होते. ग्रॅफाइटने वाहकता वाढते, पण विद्युतरोध जातो.

वैद्यकीय उपकरणांत मर्यादा अधिक कडक आहेत. सोनोग्राफीच्या प्रोबचा त्वचेला लागणारा पृष्ठभाग ४३ अंश सेल्सियसच्या वर जाता कामा नये; शरीरात बसवलेल्या उपकरणाला शरीराच्या तापमानापेक्षा २ अंश जास्त तापण्याचीच मुभा असते. तिथे पंखा अशक्यच, त्यामुळे उष्णता कवचातून आणि प्रोबच्या बाबतीत मुठीकडे पसरवावी लागते.

दुरुस्ती हा यांचा दुबळा भाग. एपॉक्सीत पूर्ण बुडवलेले कार्ड सहसा उघडून दुरुस्त करता येत नाही, बदलावेच लागते. नुसता पॅड लावलेले मात्र सोडवता येते.