जेधे, कान्होजी

सतराव्या शतकातील रोहिड खोऱ्याचे देशमुख. गाव कारी (ता. भोर). ते लढवय्ये म्हणून प्रसिद्ध असले, तरी त्यांची खरी ओळख गोताचे वडीलधारे ही आहे. देशमुखाचे काम महसूल गोळा करण्यापुरते नव्हते. गोतसभेत बसून वतनाचे तंटे तोडणे, मानपान सांभाळणे हेही त्याच्याकडेच असे. ‘जेधे करिना’ या घराण्याच्या हकिगतीप्रमाणे वतनाच्या भाऊबंदकीत वडील मारले गेल्यावर कान्होजींना मोसे खोऱ्यातील बाजी पासलकरांचा आधार मिळाला. वतनाच्या हव्यासाची किंमत त्यांना बालपणीच कळली होती. जून १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर निघालेल्या विजापूरच्या अफझलखानाला सामील होण्याचे आदिलशाही फर्मान आले, तेव्हा पाच मुलांसह ते महाराजांकडे गेले आणि हातावर पाणी घेऊन त्यांनी वतनावर उदक सोडले.

करिना जेध्यांच्याच घरचा, तेव्हा त्यात बढाई असणारच, हा आक्षेप रास्त आहे. पण विजापूरचे फर्मान काही जेध्यांनी लिहिलेले नाही, आणि शेजारच्या उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले, यावरून दुसरी वाटही मोकळी होती हे दिसते. हा निव्वळ हिशेब होता म्हणावे, तर विजापूरचे पारडे तेव्हा उघडच जड होते. पुढे खोपडे महाराजांना शरण आले, तेव्हा त्यांच्यासाठी रदबदली केली ती कान्होजींनीच. जीव वाचला, शिक्षा म्हणून एक हात आणि एक पाय मात्र तोडला गेला. शत्रूला मिळालेल्या शेजाऱ्यासाठी शब्द टाकणे हे निव्वळ सरदाराचे काम नव्हे.