अंगणांतील परदेशीं पाहुणे

दसऱ्याला दारीं झेंडूचें तोरण नसेल तर आपणांस चुकल्याचुकल्यासारखें वाटतें. परंतु 1290 सालीं ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हां महाराष्ट्रांत झेंडू नव्हताच! तो मूळचा मेक्सिकोचा; 1498 सालीं पोर्तुगीज कालिकतला उतरले, त्यानंतर तो इकडे आला. गुलबक्षी व पिवळी कण्हेर यांचें माहेरही अमेरिकाच. चिनी गुलाब नांवानें चिनी, पण जन्मानें दक्षिण अमेरिकेचा. सदाफुली मादागास्करची, तिच्याच पानांतून 1958 सालीं कॅनडांत नोबल व बिअर यांनीं कर्करोगावरील औषध वेगळें काढलें.

हे पाहुणे आपल्या उन्हांत रमले, त्यास कारण आहे. चिनी गुलाब आपल्या मांसल पानांत पाणी सांठवितो. आपल्या जुन्या कण्हेरीच्या पानांवर मेणचट थर असून पर्णरंध्रें खळग्यांत दडलेलीं असतात. म्हणून ओलावा सहसा उडत नाहीं. मात्र कण्हेर विषारी आहे. मुलांस व गुरांस तिच्यापासून दूर ठेवावें.

आमच्या नरखेड तालुक्यांत हा प्रश्न केवळ शोभेचा नाहीं. संत्र्यांच्या बागांसाठीं विहिरींचा उपसा वाढला आणि पाणी खोल गेलें. जेथें उन्हाळ्यांत घागर मोजून भरावी लागते, तेथें ती हिरवळीवर रिती करणें कोणास रुचेल? पावसाच्या आरंभीं सदाफुली लावावी, मूळ धरीपर्यंत पाणी घालावें. पुढें भाज्या धुतलेलें पाणीही तिला पुरतें. फुलांची हौस आणि शेजाऱ्याची तहान, दोहोंचाही मान त्यांत राहतो.