नवी ऑपरेटिंग सिस्टिम आणि जुने हात

२०२३ च्या ऑगस्ट महिन्यात राष्ट्रीय वृत्तपत्रांत एक बातमी झळकली. संरक्षण मंत्रालयातील इंटरनेटशी जोडलेल्या संगणकांवरून विंडोज काढून तिच्या जागी देशात विकसित केलेली ‘माया’ ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवली जाणार, असे तिचे सार होते. माया ही उबुंटू या मुक्त प्रणालीवर आधारलेली असून सायबर हल्ल्यांपासून बचाव हा तिचा हेतू आहे, असे त्यात सांगितले होते. पुढची चर्चा स्वावलंबन आणि सुरक्षा या दोन मुद्द्यांभोवतीच फिरली. त्याच वृत्तांतातील एका लहानशा तपशिलाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मायाचे रूप आणि वापरण्याची रीत विंडोजसारखीच ठेवली आहे, त्यामुळे कर्मचाऱ्यांना फारसा फरक जाणवणार नाही, असा तो तपशील होता.

विंडोजपासून सुटका करून घेण्यासाठी घडवलेली प्रणाली विंडोजसारखीच दिसावी, यात वरवर पाहता विसंगती वाटते. ही नक्कल आहे की कल्पनेचे दारिद्र्य, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याला पडू शकेल. त्याचे उत्तर शोधण्यासाठी संगणकाच्या पडद्याचा गेल्या चार दशकांचा इतिहास पाहावा लागतो. आणि त्याही आधी माणसाच्या हाताला काय आठवते, हे समजून घ्यावे लागते.

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूवर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती जवळजवळ नष्ट झाली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. परंतु हे काम आपण पूर्वी केले आहे, याची त्याला दर वेळी आठवणच नसे. या आणि अशा निरीक्षणांतून स्मृती एकाच प्रकारची नसते, हे स्पष्ट झाले. घटना आणि माहिती यांची स्मृती एक, तर कौशल्याची स्मृती दुसरी. सायकल चालवणे, पोळी लाटणे, टंकलेखन करणे हे सारे दुसऱ्या प्रकारात मोडते. निष्णात टंकलेखकाला कोऱ्या कागदावर कळफलक काढायला सांगा, तो अडखळेल. त्याचे बोट मात्र अडखळत नाही.

संगणक वर्षानुवर्षे वापरणाऱ्या माणसाचेही असेच होते. फाईल जतन करणे, खिडकी बंद करणे, कार्यक्रम उघडणे या क्रिया तो विचार करून करत नाही. त्याचे लक्ष पत्राच्या मजकुरात किंवा हिशेबात असते आणि हात आपले काम करत राहतो. अशा वेळी बटणाची जागा बदलली, तर त्याची अवस्था नवख्यापेक्षा वाईट होते. नवख्याला फक्त शिकायचे असते. जुन्याला आधी विसरावे लागते. जुने कौशल्य नव्या शिकण्याच्या आड येते, ही मानसशास्त्रातील पुरेशी तपासलेली गोष्ट आहे. म्हणून अनुभवी माणूस नव्या पडद्यापुढे चिडतो, तेव्हा त्याची बुद्धी मंद झालेली नसते. इतकी वर्षे कामी आलेला त्याचा हातच त्याला चुकीच्या जागी नेत असतो.

आता पडद्याच्या इतिहासाकडे वळू. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ हा संगणक बाजारात आणला. पडदा म्हणजे कचेरीतील मेज, त्यावर कागद, फोल्डर आणि टपालाचे खण, अशी त्यामागील कल्पना होती. १९८३ मध्ये ॲपलचा ‘लिसा’ आणि १९८४ मध्ये ‘मॅकिंटॉश’ यांनी तीच वाट पुढे नेली. ओळखीच्या वस्तूंची चित्रे दिली की संगणकाचे भय वाटणार नाही, हा तर्क योग्यच होता. पण त्या वस्तू अमेरिकी कचेरीतील होत्या. वरच्या कडेला कान असलेले पिवळसर फोल्डर आपल्या कचेऱ्यांत नव्हते. आपल्याकडे फायलींचे गठ्ठे दोऱ्याने किंवा फितीने बांधलेले असत. आपल्या कारकुनाने ते चित्र ओळखीचे म्हणून स्वीकारले नाही. सरावाने आत्मसात केले. सराव हाच त्याचा एकमेव आधार होता. भारतातील संगणकीकरणाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ने जगभरच्या हातांना एक समान सवय लावली. डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’चे बटण आणि तळाशी उघड्या खिडक्यांची पट्टी ही रचना सहज सुचलेली नव्हती. त्याआधीच्या विंडोज ३.१ मध्ये लहान केलेली खिडकी इतर खिडक्यांमागे लपून जाई आणि ती नाहीशी झाली, असे नवख्यांना वाटे. कार्यक्रम सुरू कोठून करावा, हेही त्यांना उमगत नसे. मायक्रोसॉफ्टने सामान्य माणसांना प्रयोगशाळेत बसवून आराखडे पुन्हा पुन्हा तपासले. आरंभीच्या आराखड्यातील ‘सिस्टिम’, ‘फाइंड’ आणि ‘हेल्प’ ही तीन बटणे जाऊन अखेर एकच बटण राहिले. काम कोठून सुरू करायचे, हे त्याच्या नावातच सांगितले होते.

पुढे सतरा वर्षे हे बटण आपल्या जागी राहिले आणि २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या विंडोज ८ मध्ये ते नाहीसे झाले. दोन वर्षांपूर्वी आलेल्या आयपॅडने बोटांच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यांचे युग आणले होते. माऊस आणि स्पर्श या दोहोंसाठी एकच रूप असावे, या विचाराने संपूर्ण पडदा रंगीत चौकटींनी भरला गेला. संगणक बंद करायचा, तरी माऊस उजव्या कोपऱ्यात नेऊन तिथून सरकत येणाऱ्या पट्टीतून वाट काढावी लागे. पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेल्या नियमानुसार लक्ष्य जितके मोठे आणि जवळ, तितका हात त्यावर लवकर पोहोचतो. पडद्याचा कोपरा माऊसला सहज सापडतो, कारण कडेपाशी तो आपोआप अडतो. या दृष्टीने कोपऱ्याची निवड अशास्त्रीय नव्हती. उणीव निराळीच होती. कोपऱ्यात काही आहे, हे डोळ्यांना दिसतच नव्हते. दिसलेली गोष्ट ओळखणे सोपे असते, न दिसणारी आठवणे कठीण. शिवाय लाखो हात अजून डाव्या तळाशी जात होते आणि तेथे आता बटण दिसत नव्हते.

जुना मेन्यू परत आणून देणारी इतरांनी तयार केलेली सॉफ्टवेअर लोकप्रिय झाली. १७ ऑक्टोबर २०१३ रोजी विंडोज ८.१ मध्ये बटण परत आले, तरी ते दाबल्यावर उघडे त्या चौकटीच. मेन्यू खऱ्या अर्थाने परतला तो २९ जुलै २०१५ रोजी, विंडोज १० मध्ये.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातही याच सुमारास असाच प्रसंग घडला, मात्र त्याचा शेवट वेगळा झाला. एप्रिल २०११ मध्ये लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती आली. तळाची पट्टी गेली, खिडकी लहान करण्याचे बटण गेले, काम करण्याची एकूण रीतच बदलली. अनेक जुन्या वापरकर्त्यांना ती रुचली नाही. तेव्हा काहींनी ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीचा मूळ संगणकीय मजकूर घेऊन ‘माटे’ या नावाने ती जिवंत ठेवली. लिनक्स मिंटच्या विकासकांनी नव्या पायावर जुन्या धाटणीचा ‘सिनॅमन’ उभारला. हे दोन्ही डेस्कटॉप आजही वापरात आहेत. विंडोजच्या वापरकर्त्याला कंपनीचे मन वळेपर्यंत थांबावे लागले. लिनक्सच्या वापरकर्त्याला जुने घर स्वतः राखता आले. सॉफ्टवेअरचे स्वातंत्र्य म्हणजे केवळ पैशांची बचत नव्हे, हे या प्रसंगातून दिसते. आपल्या हातांची सवय कोणी बदलावी आणि केव्हा बदलावी, हा अधिकारही त्यात येतो.

भारतापुढे हा प्रश्न विंडोज ८ च्या पाव शतक आधी आला होता आणि तो अधिक बिकट होता. देवनागरी टंकयंत्रावर रेमिंग्टन मांडणीने शिकलेले असंख्य टंकलेखक सरकारी कचेऱ्यांत होते. टंकयंत्राला उच्चार ठाऊक नसतो, त्याला फक्त कागदावरची जागा कळते. म्हणून ‘कि’ उमटवताना पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर दाबावा लागे. ‘ण’सारखी काही अक्षरे अर्धे रूप आणि काना जोडून पूर्ण होत. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट ही मांडणी प्रमाण ठरवली. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आली. ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’ उमटतो, ‘त’च्या जागी ‘थ’. वेलांटी उच्चारानुसार व्यंजनानंतर येते. वर्णमालेच्या शास्त्रीय रचनेचा इतका नेटका उपयोग क्वचितच झाला असेल. मराठीची मांडणी शिकलेला माणूस त्याच कळांवर बंगाली किंवा तेलुगू लिहू शकतो, कारण ‘क’ सर्वत्र ‘क’च्याच जागी असतो.

इतकी उत्तम मांडणी असूनही वीस वर्षे रेमिंग्टनवर काम केलेल्या टंकलेखकाला ती परकीच वाटली. त्याची बोटे आधी वेलांटीकडे जात. वेग हीच त्याची कमाई होती आणि त्या वेगावरच त्याने परीक्षा देऊन नोकरी मिळवली होती. नव्या कळफलकापुढे तो एका दिवसात पुन्हा उमेदवार झाला. भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरमध्ये इन्स्क्रिप्टबरोबर टंकयंत्राच्या मांडणीचाही पर्याय दिला गेला, तो याच कारणाने. त्यामुळे प्रमाणीकरण मंदावले, हे खरे. पण अनेकांचे काम आणि कामावरील मान शाबूत राहिला.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ साली ‘बॉस’, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स, ही डेबियनवर आधारित प्रणाली आणली. भारतीय भाषांची सोय हे तिचे मोठे बलस्थान. तरीही बहुतेक कचेऱ्यांत विंडोजच राहिली. त्यामागे अनेक कारणे आहेत: ठरावीक सॉफ्टवेअरची गरज, छपाईयंत्रांची जुळणी, खरेदीच्या पद्धती. हाताची सवय हेही त्यातलेच एक कारण, फक्त ते कोणत्याही अहवालाच्या रकान्यात सहजी बसत नाही. केरळच्या शाळांत चित्र वेगळे दिसते. तेथे आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने आणि पुढे त्यातूनच आकाराला आलेल्या काइट या संस्थेने शाळांमध्ये लिनक्स रुजवली. विद्यार्थ्यांना जुनी सवयच नव्हती आणि शिक्षकांसाठी प्रशिक्षणाची स्थायी व्यवस्था उभी केली गेली. सॉफ्टवेअरइतकीच गुंतवणूक हातांवर झाली.

आता मायाकडे परत येऊ. तिचे विंडोजसारखे रूप हे कल्पनेचे दारिद्र्य नाही. प्रणालीचा गाभा बदलायचा, पण त्याचा भार कर्मचाऱ्याच्या बोटांवर कमीत कमी टाकायचा, असा विचार त्यात दिसतो. सुरक्षेच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा आहे. नवी प्रणाली अडचणीची वाटली की माणसे आडवाटा शोधतात. मग फाईल पेनड्राइव्हवरून दुसऱ्या यंत्रावर जाते आणि सारी तटबंदी व्यर्थ ठरते.

हा प्रश्न केवळ मंत्रालयाचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि तुलनेने नवे प्रोसेसर लागतात, त्यामुळे सुस्थितीतील अनेक जुने संगणक तिच्यासाठी अपात्र ठरतात. शाळा, ग्रंथालये, पतपेढ्या, छोटी दुकाने यांना यंत्र बदलावे की प्रणाली, हे ठरवावे लागत आहे. जे लिनक्सकडे वळतील, त्यांनी खर्चाच्या हिशेबात एक ओळ अवश्य धरावी: पुन्हा शिकण्याचा काळ. त्या काळात काम मंद होणार, चुका होणार, याला वरिष्ठांनी आधीच मान्यता द्यावी. अन्यथा ती किंमत सर्वात जुना, सर्वात अनुभवी कर्मचारी एकटाच भरतो, आणि तीही ‘यांना नवे जमत नाही’ असा शेरा ऐकून.

आज संगणकशास्त्र शिकणारे विद्यार्थी उद्या असेच पडदे घडवतील. बटण हलवण्यापूर्वी त्यांनी एखाद्या ग्रंथपालाच्या किंवा लेखापालाच्या शेजारी तासभर बसावे आणि पडद्याऐवजी त्याच्या हाताकडे पाहावे. तो हात न पाहता कोठे जातो, याची नोंद घ्यावी. बदल करायचा झाल्यास जरूर करावा. इन्स्क्रिप्टसारखे काही बदल करण्याजोगेच असतात. मात्र जुन्या वाटेवरून येणाऱ्या हाताला काही काळ तरी तेथे एखादे दार सापडले पाहिजे.