पुलगाव–आर्वी शाखामार्ग आणि आर्वी रेल्वे स्थानक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याच्या रेल्वे-इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच मुंबई–नागपूर या मुख्य मार्गाकडे व वर्ध्याहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या मार्गाकडे जाते. पुलगावहून आर्वीस जाणाऱ्या सुमारे ३५ किलोमीटरच्या नॅरोगेज शाखेचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपला जातो. ट्रक व एस. टी. आल्यामुळे ही गाडी मागे पडली, असे तिच्याविषयी सर्रास सांगितले जाते. हे स्पष्टीकरण चुकीचे नसले तरी अपुरे आहे. या मार्गाचे दौर्बल्य त्याच्या रुळांच्या रुंदीत आणि मालकीच्या करारात आरंभापासूनच होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कापूस आणि रेल्वे

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये अस्तित्वात आला. त्याचे पहिले मुख्यालय पुलगावनजीक कवठा येथे होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी येथे हलविण्यात आले आणि तेथेच आजचे वर्धा शहर वसले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला आलेला भाव त्या वेळी ओसरला होता. परंतु कापूस मुंबईस पाठविण्याची वाट कायमची खुली झाली. मुख्य मार्गावरील पुलगावचे महत्त्व त्यामुळे वाढले. आर्वी हे कापसाच्या पट्ट्यातील तालुक्याचे ठिकाण असूनही या मार्गापासून दूर राहिले. तेथील कास्तकारास व व्यापाऱ्यास कापूस बंडीत भरून पुलगाव गाठावे लागे. बैलांची चाल लक्षात घेता या जाण्यायेण्यात दोन-तीन दिवस सहज मोडत असावेत.

शाखाकंपनीची व्यवस्था

विसाव्या शतकाच्या आरंभी आडमार्गी प्रदेशांत शाखामार्ग बांधण्यासाठी सरकार खाजगी भांडवलास उत्तेजन देत होते. भांडवल शाखाकंपनीचे, गाड्या चालविणार मुख्य मार्गाची कंपनी आणि उत्पन्नात दोघांचा वाटा, असे या व्यवस्थेचे साधारण स्वरूप होते. किलिक निक्सन या व्यापारी पेढीच्या पुढाकाराने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन झाली. मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे जाणारे, पुढे ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखले गेलेले मार्ग याच कंपनीचे होत. पुलगाव–आर्वी मार्ग १९१७ मध्ये, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, सुरू झाला.

या व्यवस्थेतील दोष फार काळ लपून राहिला नाही. १९२०–२१ च्या ॲकवर्थ समितीने स्वतंत्र शाखाकंपन्यांच्या धोरणावर प्रतिकूल मत नोंदविले. १९२५ मध्ये जी. आय. पी. रेल्वेचे व्यवस्थापन सरकारने स्वतःकडे घेतले आणि १९५१ मध्ये मध्य रेल्वे अस्तित्वात आली. पण शाखामार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी सरकारची आणि रूळ कंपनीचे, अशा स्थितीत पूल, रूळ व इमारती यांवर मोठा खर्च करण्याची निकड कोणासच वाटू नये, हे स्वाभाविक होते.

स्थानकाची सेवा

सोरटा, विरूळ, रोहणा अशा गावांना स्पर्श करीत हा मार्ग आर्वीस संपत असे. रुईच्या गाठी व सरकी येथून बाहेर जाई, तर मीठ, किराणा, लोखंड असा माल आत येई. तालुक्याच्या कोर्टकचेरीसाठी, बाजारासाठी व शिक्षणासाठी येणाऱ्या खेड्यांतील लोकांना गाडीचा उपयोग वेगळाच होता. तिच्या वेगाची थट्टा करणे सोपे आहे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटांवर बंडीची चाके रुतत असताना गाडी मात्र रुळावरून जात असे, ही बाब थट्टेत विसरली जाते.

खरी अडचण पुलगावला होती. शाखेच्या रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर, तर मुख्य मार्गाची १,६७६ मिलिमीटर. आर्वीस भरलेला डबा पुढे मुंबईकडे जाऊच शकत नव्हता. प्रत्येक गाठ पुलगावला उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. अवघ्या ३५ किलोमीटरच्या वाहतुकीवर दुहेरी हमाली, वेळ आणि नासाडी यांचा बोजा पडे. बंडीच्या तुलनेत तो सोसवणारा होता. पक्की सडक व ट्रक आल्यावर आर्वीच्या जिनातून निघालेली गाठ थेट गिरणीच्या दारात उतरू लागली. तेव्हा हमालीचा हा हिशेब अंगावर आला. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तोवर रस्ता हाच कापसाचा मुख्य मार्ग ठरत चालला होता.

सद्यःस्थिती

आज या शाखेवर गाडी धावत नाही. मार्ग ब्रॉडगेज व्हावा ही मागणी जुनी आहे आणि ती केवळ स्मरणरंजनातून आलेली नाही. वर्धा–नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा–कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्याची लांबी पुलगाव–आर्वीहून फारशी वेगळी नाही. फरक इतकाच की तो आरंभापासून ब्रॉडगेज आहे, सरकारी मालकीचा आहे आणि आडगावी न संपता पुढे यवतमाळ-नांदेडकडे जाण्यासाठी आखलेला आहे. आर्वीचा प्रवासी मात्र मुंबईची गाडी धरण्यासाठी अजूनही बसने पुलगाव किंवा वर्धा गाठतो.