बेळगावचा वेढा आणि भोवतालचे राजकारण

बेळगावचा किल्ला १० एप्रिल १८१८ रोजी इंग्रजांनी घेतला, तो तोफांच्या बळावर, असे सामान्यतः शिकविले जाते. हे विधान अपुरे आहे. सुमारे १६०० लोकांच्या शिबंदीने किल्ला तीन आठवडे लढविला. पण त्यांच्या मदतीस बाहेरून कोणी आले नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर वेढ्यापूर्वीच्या राजकारणात सापडते. टॉमस मन्रोपाशी कवायती फौज थोडी होती. म्हणून त्याने याच मुलखात हंगामी शिपाई ठेवले, परगण्यांवर आपले अमलदार नेमले आणि वसूल आपल्याकडे वळविला. पेशव्यांच्या उत्पन्नावरच पेशव्यांशी युद्ध चालले! तिकडे एल्फिन्स्टनने ११ फेब्रुवारीच्या साताऱ्याच्या जाहीरनाम्याने, दोन महिन्यांत बाजीरावाची चाकरी सोडणाऱ्या जहागीरदारांस अभय दिले. निपाणीच्या सिद्धोजीराव निंबाळकरांनी पेशव्यांसाठी मनापासून तलवार चालविली नाही. कोल्हापूर दरबार तर इंग्रजांच्याच बाजूस राहिला आणि निपाणीकरांच्या ताब्यातील चिकोडी व मनोळी हे तालुके त्यास मिळाले.

हा लाभ किती टिकला? १८२७ च्या तहाने चिकोडी-मनोळी कोल्हापूरकडून इंग्रजांकडे गेले. १८३९ मध्ये सिद्धोजीरावांच्या मृत्यूनंतर निपाणीची जहागीर खालसा झाली. प्रत्येकाने आपापला परगणा राखू पाहिला, आणि तोच प्रत्येकाने गमावला. म्हणून वर्गात १८१८ शिकविताना ही दोन सालेही त्याच्या शेजारी फळ्यावर लिहावीत, म्हणजे किल्ला एकटा का पडला हे विद्यार्थ्यांस उमगेल.